आधी मोपेडची किल्ली काढून घ्या

नमस्कार ताई,
आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो. मोठी मुलगी एप्रिलमध्ये अठरा पूर्ण झाली, बारावीही झाली. कॉलेज सुरू व्हायच्या आत चारचाकी शिकायची म्हणून तिनं स्वतःच फॉर्म भरून लर्निंग लायसन काढलं. मिस्टर दर रविवारी सकाळी तिला घरची वॅगनआर घेऊन तपोवन मैदानावर नेतात. सुरुवातीला दोघं हसत परत यायचे. मैदान सोडून गाडी रस्त्यावर घेतल्यापासून ती रडत घरी येते. चौकात गाडी बंद पडली, मागनं हॉर्न सुरू झाले, की हे हॉर्नपेक्षा मोठ्यानं ओरडतात. परवा टेंबलाईच्या चढाला गाडी मागं सरकली, तर म्हणाले, "तुझ्याच्यानं व्हायचं नाही, उतर खाली." तेव्हापासून ती गाडीचं नाव काढत नाही. क्लास लावू म्हटलं तर म्हणतात, मी वीस वर्षं गाडी चालवतोय, बाहेरच्याला कशाला पैसे द्यायचे?

धाकटा सोळाचा आहे. तो राजारामपुरीत क्लासला मोपेड घेऊन जातो. त्याला कुणी शिकवलंही नाही, आपोआप आली. सासरे येईल त्याला कौतुकानं सांगतात. मला भीती वाटते, पण मला स्वतःला काहीच चालवता येत नाही, त्यामुळं बोलायला गेले की "तुला त्यातलं काय कळतंय" होतं. मुलीचं शिकणं थांबवू का? क्लास लावू का? मिस्टरांना कसं सांगू?
— एक आई, फुलेवाडी

ताई,

तुम्ही विचारलंय मुलीबद्दल, मुलाचं शेवटी ओझरतं आलंय. मी मात्र त्याच्यापासूनच सुरुवात करते. मुलीचं जे बिघडलंय ते महिना-दोन महिन्यांत सावरता येईल. मुलाचं जे चाललंय ते आज संध्याकाळीच थांबायला हवं.

सोळाव्या वर्षी कायदा फक्त ५० सीसीपर्यंतची, बिनगिअरची दुचाकी चालवू देतो. तीही पालकांच्या संमतीनं लायसन काढून. आज घरोघरी ज्या मोपेड आहेत त्या ११० ते १२५ सीसीच्या. म्हणजे तुमच्या मुलाला ती गाडी चालवण्याचं लायसन आज मिळूच शकत नाही. तो कितीही सफाईनं चालवत असला तरी.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. "आम्हाला माहीतच नव्हतं" हे पालकांना कोर्टात सिद्ध करावं लागतं. तुमच्या घरात तर सासरे येईल त्याला सांगतायत. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांचा मुलगा चालवत असलेल्या गाडीनं दोन जीव गेले, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली, हे सगळ्यांनी वाचलंय. ती महागडी गाडी होती, रात्रीची वेळ होती, आपलं तसं नाही, असं मिस्टर म्हणतील. कलम मात्र मोपेडलाही तेच लागतं.

विम्याचंही बघा. लायसन नसलेल्याच्या हातून कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन तीच रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर नाकारतेच. एखाद्या कुटुंबाचा कमावता माणूस जायबंदी झाला तर ती रक्कम किती होईल, ह्याचा अंदाज मिस्टरांनी स्वतः करावा.

आता एक काम करा. मोपेडचं आरसी बुक काढा आणि गाडी कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडं पुष्कळ घरांत मोपेड बाईच्या नावावर घेतलेली असते. तुमच्या नावावर निघाली, तर मालक म्हणून कायदा तुम्हालाच विचारणार. मग "तुला त्यातलं काय कळतंय" ह्या वाक्याला घरात जागा उरत नाही. गाडी येत नसली तरी किल्ली तुमची आहे. ती कपाटात जाऊ दे.

मुलाशी बोलताना रागावू नका. त्यानं चोरून काही केलेलं नाही, मोठ्यांनी दिलं ते घेतलं आणि वर शाबासकी मिळवली. त्याला सरळ सांगा, की चूक आमची होती, ती आम्ही दुरुस्त करतोय. पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही, हा मुद्दा सोळाच्या मुलाला दंडापेक्षा लवकर पटतो. त्याला अठराव्या वर्षी मोटारसायकल हवीच असणार. राजारामपुरीला केएमटीनं, म्हणजे सिटी बसनं जाऊ दे, सायकलनं जाऊ दे, घरातलं कुणी सोडू दे. बॅटरीवरची दुचाकी घ्यायची झाली तर नीट चौकशी करून घ्या. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच लायसन लागत नाही. तेवढीच घ्या, आणि तिचा वेग वाढवून घ्यायचा नाही हे आधीच ठरवा. हेल्मेट त्यावरही असू दे.

सासऱ्यांशी तुम्ही नका बोलू, मुलाच्या वडिलांना बोलू दे. नातवाचं कौतुक करायला त्यांना दुसरं काही तरी सापडेल.

आता मुलीकडं येते. तिनं सगळं नियमानं केलं. अठरा पूर्ण झाल्यावर, स्वतः फॉर्म भरून, परीक्षा देऊन लायसन घेतलं, आणि घरात तिलाच "उतर खाली" ऐकावं लागलं. भाऊ काहीच न करता बिनधास्त फिरतोय. हे तिच्या नजरेतून सुटलं असेल असं मला वाटत नाही. तिच्या रडण्यात गाडी बंद पडण्याचं दुःख थोडं असेल, हे जास्त असेल. तिचं शिकणं अजिबात थांबवू नका. आज थांबलं तर "तुझ्याच्यानं व्हायचं नाही" हे तिच्यापुरतं कायमचं खरं ठरेल. चाळिशीतल्या कितीतरी बायका मला लिहितात, की लायसन आहे पण गाडी कधी हातात घेतली नाही. कारण विचारलं की बहुतेकींच्या मागं असाच एखादा रविवार निघतो.

मिस्टर वाईट शिकवतात असं मी म्हणणार नाही. ते घाबरतात. मैदानावर हसणारा माणूस रस्त्यावर ओरडायला लागला, ह्याचं कारण साधं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच ते डावीकडच्या सीटवर बसलेत आणि त्यांच्या पायाखाली काहीच नाही. समोर रिक्षा आडवी आली की त्यांचा पाय मॅटवर दाबला जातो, गाडी काही थांबत नाही, मग उरतो तो आवाज. क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. तो माणूस शांत असतो, त्यात स्वभावाचा भाग थोडा आणि त्या पेडलांचा मोठा. हे मिस्टरांना सांगा. "तुम्ही ओरडता" म्हणून सुरुवात केलीत तर भांडण होईल. "तुमच्या बाजूला ब्रेक नाही, तुमच्या जिवाला घोर लागतो, म्हणून पहिले काही आठवडे ब्रेक असलेल्या गाडीत शिकू दे" म्हटलंत तर ऐकतील.

दुसरं असं, की वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला आपण काय करतो हेच आठवत नाही. त्यांच्या पायाला क्लच कळतो, डोक्याला केव्हाच विसर पडलाय. "क्लच सोड" असं ते म्हणतात, मुलगी सोडते, गाडी धक्का खाऊन बंद पडते. त्यांना म्हणायचं असतं, अर्धा सोड आणि तिथं थांब. त्या टेंबलाईच्या चढाचंच घ्या. चढावर गाडी थांबली की हँडब्रेक ओढायचा. पहिला गिअर टाकायचा. क्लचवरचा पाय अगदी सावकाश वर घ्यायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. पाय तिथंच रोखून धरायचा, थोडी रेस द्यायची आणि मग हँडब्रेक सोडायचा. गाडी मागं सरकत नाही, पुढंच जाते. मागं दहा हॉर्न वाजत असले तरी ह्या क्रमाला दहा-पंधरा सेकंद लागतात, ते तिनं घ्यावेत. रोज चालवणारा हे हँडब्रेकशिवाय नुसत्या पायावर करतो, म्हणून शिकवताना हँडब्रेक सांगायचा राहूनच जातो. मुलीला हे वाचून दाखवा. चूक तिच्या हाता-पायात नव्हती, सांगण्यात एक पायरी गळली होती.

तेव्हा क्लास लावाच. पण क्लास लावला म्हणजे झालं, असंही नाही. काही ठिकाणी शिकवणारा क्लच आणि ब्रेक स्वतःच सांभाळतो, मुलगी नुसतं स्टिअरिंग फिरवते. घरच्या गाडीत बसली की तिला कळतं, आपल्याला काहीच येत नाही. पैसे भरण्याआधी विचारा, की पाय ती स्वतः केव्हापासून वापरणार? रिव्हर्स शिकवणार का? चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावणार का? अंधार पडल्यावर एक-दोनदा तरी नेणार का? रोज घरी आली की एवढंच विचारा, आज ब्रेक तू मारलास की सरांनी?

क्लास संपतो तिथं वडिलांचं खरं काम सुरू होतं, आणि ते क्लासवाला करू शकत नाही. क्लास ठरलेल्या दिवसांत संपतो. घरात पाऊस, रात्र, गर्दी, लांबचा प्रवास, सगळ्याची सवय होईपर्यंत शेजारी बसायला माणूस असतो. कायद्यालाही तेच हवंय. लर्निंग लायसनवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला असावा लागतो, आणि गाडीच्या पुढं-मागं पांढऱ्यावर लाल अक्षरात "एल" लावावा लागतो. तुम्ही पत्रात एलचा उल्लेख केलेला नाही. लावलेला नसेल तर आजच लावा. मागच्या गाड्या थोडं अंतर ठेवतात, हॉर्नही कमी वाजवतात.

शेजारी कसं बसायचं, हे मिस्टरांसाठी लिहिते.

घरातून निघण्याआधी तीन शब्द ठरवा: हळू, थांब, ब्रेक. एवढेच. "अगं अगं अगं" ह्या ओरडण्यातून काय करायचं ते कळत नाही, तिचा पाय फक्त गोठतो. वळण आल्यावर "डावीकडं, डावीकडं!" करण्यापेक्षा पन्नास-साठ मीटर आधी सांगा, "पुढच्या चौकात डावीकडं जायचंय." आरसा बघणं, इंडिकेटर देणं, गिअर कमी करणं ह्याला तिला तेवढं अंतर लागतं. चूक झाली तर चालत्या गाडीत तिचा पंचनामा नको. कडेला घ्यायला लावा, इंजिन बंद करा, मग बोला. सलग अर्धा-पाऊण तास पुरे. दमल्यावर चुका वाढतात आणि त्याच लक्षात राहतात. मागच्या सीटवर धाकटा नको, आजोबा नकोत.

आणि एखाद्या दिवशी उलटं करा. मिस्टरांनी गाडी चालवावी, मुलीनं शेजारी बसावं, आणि त्यांनी जे दिसतंय ते मोठ्यानं बोलत जावं. "त्या रिक्षाला कुणीतरी हात केलाय, ती आता झटकन कडेला थांबणार. मागनं मोपेड येतीय, ती आपल्या डावीकडनं घुसणार. केएमटी थांबलीय, तिच्यापुढनं माणूस धावत येईल." त्यांच्याकडं वीस वर्षांचा जो साठा आहे तो हा. क्लच क्लासवाला शिकवेल, हे नाही शिकवणार. तसं बोलत गाडी चालवायची म्हणजे त्यांना स्वतःलाही मोबाइल खिशात ठेवावा लागेल, बेल्ट लावावा लागेल आणि वळसा वाचवायला उलट्या बाजूनं गाडी घालता येणार नाही. पोरं मोपेडच्या पुढं उभी राहायच्या वयापासून आपलं चालवणं बघतात. धाकट्याला कुणी शिकवलं नाही असं तुम्ही लिहिलंय. त्याला सोळा वर्षं बघायला मिळालंय.

जागेबद्दल. रंकाळा तलावावर पहाटे रस्ता मोकळा वाटतो म्हणून पुष्कळजण मुलांना तिकडं नेतात. फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची ती वेळ असते. नवशिक्याला तिथं नेऊ नका. मैदान झालं की आपल्याच भागातले ओळखीचे, रुंद रस्ते घ्या, तेच तेच. त्यानंतर शहरातले चौक, दुपारच्या वेळी. दसरा चौक, बिंदू चौक, महाद्वार रोडचा परिसर अगदी शेवटी, आणि रविवारी किंवा नवरात्रात तर नकोच. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या बाहेरगावच्या गाड्या रस्ता शोधत कुठंही थांबतात, जुन्या ड्रायव्हरचीही तिथं परीक्षा होते. पुणे-बेंगळुरू महामार्गाची घाई करू नका. आधी सेवा रस्त्यावर सवय होऊ दे. महामार्गाला मिळताना मागून येणाऱ्या ट्रकचा वेग आरशात ओळखायला शिकणं हा वेगळा धडा आहे, त्याला एक सकाळ पूर्ण द्या.

तिच्या लर्निंग लायसनची मुदत ६ महिने आहे. ३० दिवसांनंतर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते, पण एकतिसाव्या दिवशी द्यायलाच हवी असं नाही. मुदतीतला पावसाळा वापरून घ्या. कोल्हापूरच्या पावसात शिकलेला माणूस पुढं कुठंही चालवू शकतो. काचेवर धुकं धरलं तर काय करायचं, ओल्या रस्त्यावर ब्रेक किती आधी लावायचा, साइडपट्टी खचलेली असताना समोरच्याला वाट कशी द्यायची, हे वडील शेजारी असतानाच होऊ दे. एक गोष्ट मात्र तिच्या मनावर पक्की बिंबवा. रस्त्यावर पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, पुढची गाडी गेली तरी नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, तुमच्या गगनबावडा रस्त्यालाही पूर नवा नाही. वाहत्या पाण्याची खोली आणि जोर आत बसून कळत नाही. मागं फिरणं हेही ड्रायव्हिंगच आहे.

मग दिवाळीच्या आगेमागे ऊस सुरू होईल. फुलेवाडी नाक्यावर राहणाऱ्यांना उसाच्या वाहतुकीबद्दल मी काय सांगायचं! पण मुलीला एकदा संध्याकाळी मुद्दाम घेऊन जा आणि ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या कशा चालतात ते दाखवा. मागची ट्रॉली वळणावर आणि खड्ड्यात झोल खाते. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा तर सोडाच, लाल रिफ्लेक्टरही नसतो. अंधारात ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. म्हणून रात्री आपल्या हेडलाइटचा उजेड पडतो तेवढ्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग. ओव्हरटेक करताना पुढं दोन ट्रॉल्या आणि एक ट्रॅक्टर आहे ह्या हिशेबानं मोकळा रस्ता दिसला पाहिजे. नाही दिसला तर मागंच राहायचं, मिस्टरांनी "काढ की आता" म्हणायचं नाही.

टेस्टच्या वेळी "माझी ओळख आहे, मी बघतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. एकदा नापास झाली तर झाली, पुन्हा देईल. स्वतः पास होऊन मिळालेलं लायसन तिच्यासाठी त्या चढावरच्या वाक्याचं उत्तर असेल, ते तिच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पण मिस्टरांनी ते वाक्य त्याआधीच मागं घ्यायला हवं. मोठी माफी मागायची गरज नाही. पुढच्या रविवारी किल्ली तिच्या हातात देऊन "चल, परवा मी हँडब्रेकचं सांगायलाच विसरलो" एवढं म्हणाले तरी पोरगी उठेल.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला चालवता येत नाही म्हणून तुमची भीती चुकीची ठरत नाही. दोन्ही मुलांच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता. पण हे वाक्य तुम्हाला इतकं बोचतंय, तर तुम्हीही शिका. मुलीच्याच क्लासमध्ये नाव घाला. फॉर्म घरबसल्या भरता येतो, आधारवरून परीक्षाही घरूनच देता येते, मुलीनं हे सगळं नुकतंच केलंय, ती शेजारी बसून भरून देईल. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल, तेवढं आधी काढून ठेवा. मोपेडपासून सुरुवात केलीत तरी चालेल. किल्ली तशीही तुमच्या कपाटात असणार आहे.